इथे न चाललेल्या गाण्यासाठी जबलपूरला

जबलपूरला जायचं कारण भेडाघाट नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. संगमरवरी कडे, धुवांधार, खोव्याची जिलबी हे सगळं पुढे येईल. पण आम्ही गेलो होतो एका बाईंना भेटायला. त्यांनी तीसेक वर्षांपूर्वी एक मराठी गाणं गायलं होतं. महाराष्ट्रात ते कोणालाही माहीत नाही. मॉरिशसमध्ये मात्र ते माहीत नसलेलं मराठी घर मला तीन वर्षांत एकही सापडलं नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे वाक्वा गावात राहत होतो. शेजारी सरिता. तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांत मजूर म्हणून गेलेले. घरात सगळे क्रिओल ही तिथली फ्रेंचवजा बोली बोलतात. मराठी ती शाळेत आणि मंडळाच्या वर्गात शिकली, त्यामुळे ती आजही प्रत्येक शब्द पाटीवर लिहिल्यासारखा बोलते. तिच्याबरोबर मी तिथल्या पहिल्या लग्नाला गेले. जेवणं झाली, बँडने एक सुरावट धरली आणि अख्खा हॉल उभा राहिला. आज्या, सुना, वेटर, सगळे. "फाटक पडलं, गाडी गेली, तू काहून अजून थांबली." मी सरिताला विचारलं, हे कोणाचं गाणं? ती माझ्याकडे बघत राहिली. "तू भारतातून आली आहेस आणि मला विचारतेस?"

नंतर पुण्याला परतल्यावर मी सगळ्यांना विचारलं. जुन्या कॅसेटी जपणाऱ्या काकांना, रेडिओवर काम केलेल्या मैत्रिणीला. कोणी ऐकलं नव्हतं. सरिताच्या मामाने पूर्वी मुंबईच्या एका फुटपाथवरच्या ढिगातून मूठभर कॅसेटी उचलल्या होत्या, त्यात ही आली. तिथल्या एका बँडने हे गाणं सेगा या बेटावरच्या लोकनृत्याच्या ठेक्यावर बसवलं आणि ते घरोघर गेलं. कॅसेटच्या कव्हरवर एका मुलीचा फोटो होता, खाली दोनच शब्द: प्रतिभा, जबलपूर.

गेल्या वर्षी सरिताची आई गेली. यंदा एप्रिलमध्ये सरिताच्या मुलीचं लग्न. आईचं ते आवडतं गाणं, तेव्हा लग्नात ते त्या बाईंनीच गायला हवं, असं सरिताने ठरवलं. मी याच ब्लॉगवर विचारणा टाकली, तुमच्यापैकीच एका वाचकाने जबलपूरहून फोन नंबर आणि राइट टाउनमधला पत्ता पाठवला. मी आनंदाने फोन केला. "तुमचं गाणं परदेशात फार गाजलंय," एवढं म्हणेपर्यंत पलीकडून फोन बंद. दुसऱ्यांदा केला तर शांत आवाजात उत्तर आलं, "मैडम, अब फोन किया तो पुलिस में शिकायत कर दूँगी।" तेव्हा मला कळलं की माझं वाक्य अगदी त्या लॉटरी लागल्याच्या फसव्या फोनसारखंच होतं. तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही. मी हे सगळं सरिताला कळवलं. तिचं उत्तर आलं, "मी तिकीट काढले आहे. समोर बसलो की समजेल."

मी काळजी करणारी बाई आहे. गॅस बंद आहे ना हे बघायला जिन्यावरून परत जाणारी. त्यामुळे नागपूरच्या विमानतळावर सरिता हसत बाहेर आली, तेव्हा मी भाड्याच्या गाडीचे कागद तिसऱ्यांदा तपासत होते.

नागपूर ते जबलपूर रस्ता सुंदर आहे. भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवायला काही अडचण नाही, पण हिवाळ्यात उजाडायच्या आत निघू नका. आम्ही निघालो आणि मनसरच्या पुढे धुक्याने पुढच्या ट्रकचे दिवेसुद्धा गिळले. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. सरिता निवांत, कारण त्यांच्याकडेही गाड्या डावीकडूनच चालतात. खवासाला राज्याची हद्द संपते आणि पेंचच्या जंगलातून रस्ता खांबांवर चढतो. दोन्ही बाजूंना उंच पत्रे, गाड्यांचा उजेड आणि आवाज खाली जाऊ नये म्हणून.

"खाली वाघ आहेत?" सरिताने विचारलं.

"असतील."

"आणि त्यांना माहीत नाही की आपण वरून जात आहोत." ती खूश झाली. मी मात्र त्या बाईंचा विचार करत होते. त्यांनाही माहीत नव्हतं की आपण येत आहोत.

सिवनीला पोहे आणि जिलबी एकाच ताटलीत मिळतात, थांबा आणि खा. पुढे लखनादोनला लक्ष ठेवा. तिथे मुख्य रस्ता सोडून उजवीकडे जबलपूरचा रस्ता धरायचा असतो. आम्ही बोलण्याच्या नादात सरळ गेलो आणि पाट्यांवर नरसिंहपूर दिसायला लागल्यावर वळलो. जबलपूरला पोचलो तेव्हा दुपार उतरायला आली होती. हॉटेल राइट टाउनमध्येच घ्या. सगळीकडे ऑटो मिळतात आणि गर्दीतून स्वतःची गाडी काढायचा ताप वाचतो.

मी म्हटलं आज राहू दे, उद्या जाऊ. सरिताने साडी बदलली.

घर एका गल्लीत होतं. पुढे लोखंडी फाटक, आत तुळस नाही पण गुलाबाच्या कुंड्या, दारावर छोटा पंचरंगी झेंडा. दार पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंनी उघडलं. अंगात स्वेटर, नाकावर चष्मा. मी मराठीत बोलले, त्यांनी हिंदीत उत्तर दिलं.

"प्रतिभाताई इथेच राहतात ना? ज्यांनी गाणं..."

"यहाँ कोई गाने वाली नहीं रहती।"

आतून एका म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्याचा आवाज आला, मग मराठीत प्रश्न, "कोन आलं गं?"

बाईंनी मान न वळवता सांगितलं, "कोनी नाही दादा. पत्ता विचारून राहिले." मग आमच्याकडे पाहिलं. चिडल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. "आप लोग जाइए, प्लीज़।" दार हळू लावलं गेलं, आवाज होऊ नये इतक्या हळू.

"हीच आहे," सरिता गल्लीत म्हणाली. "हनुवटी तीच आहे." तिने पिशवीतून मुलीच्या लग्नाची पत्रिका काढली, तिच्या मागे माझा फोन नंबर लिहायला लावला आणि परत जाऊन फाटकाच्या सळ्यांत अडकवून आली. मला वाटलं आता खरंच पोलिस येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भेडाघाटला गेलो, कारण हॉटेलात बसून फोनकडे बघत राहणं मला झेपलं नसतं. पंचवटी घाटावर होडी मिळते. बसायच्या आधी दर आणि किती वेळ नेणार ते ठरवून घ्या, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या, आपणहून देतीलच असं नाही. कडे पांढरे, मधेच पिवळट, मधेच निळसर. आमचा नावाडी वल्ह्याच्या तालावर यमक जुळवत माहिती सांगत होता, कोणता दगड कशासारखा दिसतो, कुठे पाणी किती खोल. सरिताला अर्धं कळत होतं, तरी ती प्रत्येक यमकाला हसत होती. नदी मधेच इतकी शांत होते की पाण्याचा आवाजही येत नाही. माझा फोन तिथेच वाजला.

नंबर तोच, मी पूर्वी तीनदा लावलेला. "पत्रिकेवर ती ओळ कोणी छापली?" आवाज कालच्याच बाईंचा, पण आता मराठीत.

पत्रिकेत काय आहे हे मी नीट पाहिलंही नव्हतं. वर मराठीत, खाली फ्रेंचमध्ये मजकूर होता आणि सगळ्यात वर बारीक अक्षरांत, "फाटक पडलं, गाडी गेली."

"सरिताने," मी म्हटलं. "पण त्यांच्याकडे बरेच जण छापतात, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर."

पलीकडे शाळेची घंटा वाजली. 

"मी पनागरच्या शाळेत शिकवते. दुपारी शाळा सुटल्यावर तिथं या. घरी नका येऊ."

धुवांधार आम्ही घाईत पाहिला. धबधब्याचे तुषार चष्म्यावर बसले आणि मी ते पुसत राहिले. तुम्ही असं करू नका, तिथे निवांत वेळ ठेवा.

पनागर शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे, भाजीपाल्याचं गाव. हिवाळ्यात रस्त्यावर सगळीकडे मटार. ट्रॉल्यांमध्ये पोत्यांवर पोती, कडेला बसून शेंगा निवडणाऱ्या बाया, हवेत हिरवा, कच्चा वास. शाळा सुटली होती. प्रतिभाताई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. पत्रिका पर्सच्या बाहेर डोकावत होती.

"आधी मले सांगा," त्या म्हणाल्या, "हे खरं आहे का? मजाक तं नाही?"

सरिताने मोबाइलवर मागच्या एका लग्नाचा व्हिडिओ लावला. प्रतिभाताईंनी तो पूर्ण पाहिला, मग परत सुरुवातीपासून पाहिला. चेहऱ्यावर काहीच नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्या म्हाताऱ्या आज्यांले पाठ कसं आहे?"

"आम्हा सर्वांना पाठ आहे," सरिता म्हणाली. "माझी आई मला शेवटपर्यंत ह्याच नावाने हाक मारायची. काहून, इकडे ये. काहून, जेवून घे."

प्रतिभाताईंना कळेना. मलाही कळेना. हळूहळू उलगडलं. मॉरिशसच्या मराठीत हा शब्दच नाही. 'काहून' म्हणजे 'का' हे तिकडे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे लोकांनी ते लाडाचं नाव समजलं. छकुली, सोनू, तसं काहून. तिथे तेव्हा रेल्वेही नव्हती, त्यामुळे फाटक म्हणजे माहेरचं फाटक आणि गाडी म्हणजे नवरीची मोटार. मोटार निघाली तरी आमची काहून अजून फाटकापाशी थांबली आहे, असं ते गाणं होतं. म्हणून ते लग्नात वाजतं.

प्रतिभाताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बाक हलेपर्यंत हसल्या. "अगं, ते रेल्वेचं फाटक आहे. एक पोरगा सायकल घेऊन उभा, एक पोरगी छत्री घेऊन उभी. मालगाडी निघून गेली, फाटक उघडलं, तरी पोरगी जागची हालत नाही. तो म्हणते, काहून थांबली? बस, एवढंच." हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि तो परत लावला नाही.

मग त्यांनी सांगितलं. शब्द आणि चाल दोन्ही थोरल्या भावाची, सुधाकरदादांची. दादा संरक्षण खात्याच्या कारखान्यात कामाला. वडील भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इथे आलेले. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर-भंडारा तिकडे गेलं आणि हे कुटुंब इकडे राहिलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दादाने रजा काढून बहिणीला मुंबईला नेलं.

"तिथल्या साहेबानं पहिल्याच दिवशी म्हटलं, हे काहून-फाहून काढा, 'का गं' करा. तुमची मराठी हिंदीसारखी वाटते, दुकानात चालणार नाही. दादा म्हणे, आमच्याकडे 'का गं' म्हटल्यावर पोरगी थांबतच नाही. त्यानं बदललं नाही."

कॅसेट आली आणि कोणी घेतली नाही. जबलपूरमध्येच मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात त्या गायला उभ्या राहिल्या, तेव्हा मागून कोणीतरी नाकात "काहून, काहून" करायला लागलं. आधी एक रांग हसली, मग सगळेच. दादा पुढे बसलेला होता.

"घरी आला, पेटी उचलली अन् विहारात देऊन आला. त्या दिवसापासून एक ओळ लिहिली नाही त्यानं. मी पण गायली नाही. गायली असती तं त्याले वाटलं असतं, गाणं त्याच्यामुळं पडलं, हिचं काही अडलं नाही." त्या थांबल्या. "घरात तो विषयच नाही. माझ्या पोरीलेही माहीत नाही का मी गायची म्हणून."

"मग आता सांगू या ना त्यांना," मी म्हटलं. मला ते इतकं सरळ वाटलं होतं.

"मॅडम, मागच्या वर्षी त्याले अटॅक आला. डॉक्टर म्हणे टेन्शन देऊ नका. तुम्ही म्हणून राहिले, गाणं चाललं. इतकी वर्षं चालूनच राहिलं अन् त्याले पत्ता नाही. हे ऐकून त्याले आनंद होईल का त्रास, मले नाही सांगता येत. अन् काही झालं तं?"

 मी घरून निघताना गाडी, धुकं, हॉटेल, पोलिस, सगळ्याची काळजी केली होती. ही काळजी माझ्या यादीत नव्हती.

सरिता म्हणाली, "मग सांगू नका. मी परत जाते. फक्त मला एकदा गाऊन दाखवा."

प्रतिभाताईंनी तोंड उघडलं, घसा साफ केला, आणि नकारार्थी मान हलवली. "नाही होत." मग म्हणाल्या, "मी विचार करते."

संध्याकाळी आम्ही खोव्याची जिलबी खाल्ली. काळसर, जाड, पाकाने जड. लोक लांबून ती खायला येतात. चांगली असणार. मला चव आठवत नाही. जेवताना प्रतिभाताईंचा निरोप आला: सकाळी घरी चहाला या.

सुधाकरदादा अंगणात उन्हात खुर्ची टाकून मटार सोलत होते. सडपातळ, मफलर गुंडाळलेला, हातांची बोटं लांब. आम्ही नमस्कार केला, त्यांनी जयभीम म्हणून हात जोडले आणि बहिणीला म्हणाले, "पोहे कर यांच्यासाठी." प्रतिभाताई आत गेल्या नाहीत. खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या.

"दादा, ही सरिता. समुद्रापलीकडून आली, मॉरिशसहून. मराठीच आहे. तुझ्यापाशी काम आहे तिचं."

"माझ्यापाशी?"

सरिताने ती सगळी गोष्ट आपल्या पाटीवरच्या मराठीत सांगितली. मामा, फुटपाथ, बँड, आई. दादांची बोटं चालूच होती. शेंग, दाणे, टरफल. तिने मोबाइल पुढे केला तेव्हा त्यांनी हात धोतराच्या सोग्याला पुसले, फोन लांब धरला आणि पाहू लागले. मी त्यांच्या छातीकडे बघत होते. दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"हा ठेका कुठला?" त्यांनी विचारलं.

"सेगा, दादा. आमच्याकडचा आहे."

"अन् ही पोरगी रडून काहून राहिली?"

"ती नवरी आहे. ती सासरी जात आहे. म्हणून हे गाणं."

"हे लग्नाचं गाणं नाही बेटा. रेल्वे फाटकावरचं आहे."

"आमच्याकडे रेल्वे नव्हती."

त्यांनी व्हिडिओ पुढे पाहिला. मग म्हणाले, "दुसरं कडवं गातच नाहीत हे. अन् 'गाडी गेली' चुकीचं म्हणतात. खाली उतरायला पाहिजे, हे वर जाऊन राहिले." आवाज कोरडा होता. फोन सरिताला परत दिला. मटाराचं ताट मांडीवरून काढून खाली ठेवलं, उठले, आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आम्ही तिघी अंगणात. प्रतिभाताई दारापाशी गेल्या. "दादा?" त्यांनी दार वाजवलं. "दादा, पाणी देऊ?" दार बंदच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी मनात जवळचा दवाखाना कुठे असेल, गाडी गल्लीत येईल का, याचा विचार करत होते. मग कडी निघाली. दादा डोक्यावर टोपी घालून बाहेर आले. "मी फिरून येतो," म्हणाले आणि आमच्याकडे न बघता फाटकाबाहेर पडले.

"तुम्ही निघा," प्रतिभाताई चपला शोधत म्हणाल्या. "मी जाते त्याच्या मागं. तुमचा काही दोष नाही." आणि त्याही गेल्या.

सरिताचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. आम्ही निघालो. परतीच्या रस्त्याबद्दल मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. सिवनीहून प्रतिभाताईंना फोन केला, बंद. नागपूरहून केला, बंद. सरिता खिडकीबाहेर बघत होती. विमानतळावर ती म्हणाली, "मी माझ्या आईसाठी आले. दुसऱ्याच्या भावाचा कोणी विचार केला नाही." मी तिला धीर द्यायला हवा होता. मी तिची बॅग ट्रॉलीवर नीट लावत राहिले.

पुण्यात घरी आल्यावर मी त्या गल्लीतल्या बंद दाराचाच विचार करत होते. पोळ्या करपत होत्या. नवरा म्हणाला, "वाईट बातमी असती तर कळली असती." कोण कळवणार होतं? आम्ही त्यांचे कोण?

काही दिवसांनी फोनवर एक ध्वनिमुद्रण आलं. सोबत एक शब्द नाही. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच ऐकलं. पेटी नाही, तबला नाही. एका बाईचा जाडसर झालेला आवाज, "फाटक पडलं," आणि मग श्वास अडकतो. मागून पुरुषाचा आवाज, "थांब. घाई नको करू. पुन्हा घे." ती पुन्हा घेते. 'गाडी गेली'वर सूर खाली उतरतो, अगदी लांब जाणाऱ्या मालगाडीसारखा, आणि मला पहिल्यांदा ते रेल्वेचं फाटक दिसलं. दोन्ही कडवी होती.

मग प्रतिभाताईंचा फोन आला. दादा त्या दिवशी चालत जुन्या फाटकाच्या जागी गेले होते. तिथे आता पूल झालाय. पुलाखाली बसून राहिले, त्या थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. जेवायच्या वेळेला घरी आले आणि म्हणाले, चुकीचं गाऊन राहिले ते, त्यांले बरोबर पाठव. "रोज घेऊन राहिलो आम्ही, गळा बसेपर्यंत," त्या सांगत होत्या. लग्नाला मात्र येता येणार नाही. दादांना विमानाची परवानगी नाही आणि त्यांना सोडून त्या जाणार नाहीत.

या प्रवासातून काय हाती लागलं, असा प्रश्न मी प्रत्येक पोस्टच्या शेवटी स्वतःला विचारते. रस्ता छान आहे, शहर आपलं वाटतं, माणसं हिंदीत दार लावतात आणि मराठीत फोन करतात. पण आपण एखाद्याच्या घरी चांगली बातमी घेऊन जातो तेव्हा ती त्या घरात जाऊन काय होईल हे आपल्याला माहीत नसतं. मी पुन्हा जाईन का? जाईन. फक्त पुढच्या वेळी आधी गप्प बसून ऐकेन.

एप्रिलमध्ये लग्न झालं आणि सरिताचा फोन आला. ती रडवेली होती. पाठवणीच्या आधी तिने मोठ्या कौतुकाने ते ध्वनिमुद्रण लावलं. सगळे आदराने उभे राहिले. पण पाय कोणाचेच हलले नाहीत. एका मावशीने तर विचारलं, हे कोणतं गाणं? शेवटी बँडने त्यांच्या चालीवर धरलं आणि हॉल नाचायला लागला.

हे जबलपूरला कळवायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस मी टाळलं. मग फोन केला. प्रतिभाताईंनी स्पीकर लावला. मी खोटं बोलणार होते, पण जमलं नाही, सगळं सांगून टाकलं. 

"म्हणजे तिकडंही पडलं," दादांचा आवाज.

"हो."

"अन् मग त्यांच्या बँडनं वाजवलं, तेव्हा?"

"हॉलवाल्याने दिवे बंद केले तरी थांबले नाहीत म्हणे. बाहेर गाड्यांच्या मधे टाळ्या वाजवत गात राहिले."

"म्हाताऱ्या आज्याही?"

"त्या सगळ्यात पुढे."

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "प्रतिभा," दादा म्हणाले, "त्या व्हिडिओतला ठेका कसा होता? बस इथं. पाहू बसते का आपल्या शब्दांवर."

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. टेबलावर बोटं वाजू लागली, अडखळली, परत सुरू झाली. प्रतिभाताई म्हणाल्या, "असं नाही दादा, मधे एक ठोका सुटते." बोटं पुन्हा वाजली. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.